चूलबंद आवतण

“दोन लाख वीस हजार,” असं म्हणून अण्णांनी खडू खाली ठेवला आणि बोटांवरची भुकटी लेंग्याला पुसली.

आमच्या ओसरीच्या भिंतीवर एक फळा होता. शाळेनं मोडीत काढलेला, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. निवृत्तीच्या दिवशी हारतुऱ्यांबरोबर अण्णांनी तोही घरी आणला होता. एरवी त्यावर दुधाचा रतीब आणि आईच्या गोळ्यांच्या वेळा असत. चैत्रातल्या त्या दुपारी मात्र त्यावर माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न लिहिलेलं होतं. वर अधोरेखित मथळा, ‘चि. सौ. कां. वृषाली : अंदाजपत्रक’, आणि खाली वळणदार अक्षरांत तिच्या आयुष्यातल्या सर्वांत उत्कट दिवसाची वजाबाकी. मी तेव्हा मराठी घेऊन नुकताच एम.ए. झालो होतो आणि मला ज्यात त्यात वजाबाकीच दिसत असे.

“आकडा देखणा आहे, भाऊजी,” तात्यामामा म्हणाले. आईचे हे धाकटे भाऊ सकाळपासून सल्ला देण्यासाठीच घोडेगावाहून येऊन बसले होते. “पण हे लग्न आहे की शाळेचं स्नेहसंमेलन?”

“काय कमी आहे त्यात?”

“माणसं. जेवायला पाचशे लिहिलीत. तीनशे उंबऱ्यांचं गाव, आपले पाहुणे वेगळे, नवऱ्याकडचे वेगळे. पाचशे माणूस तर नुसतं चपला राखायला लागेल.”

“घरटी एक,” अण्णा म्हणाले.

तांदूळ पाखडणाऱ्या आईच्या हातातलं सूप थांबलं.

आमच्या भागात आवतणाचे दोन प्रकार आहेत. ‘घरटी एक’ म्हणजे घरातल्या एकानं यावं, अक्षता टाकाव्यात, जेवावं आणि घरी जाऊन बाकीच्यांना बेत सांगावा. ‘चूलबंद’ म्हणजे त्या दिवशी त्या घरातली चूल पेटायचीच नाही; काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापासून रांगणाऱ्या पोरापर्यंत सारं घर तुमच्या पंगतीला. पहिल्या प्रकारात हिशेब आहे. दुसऱ्यात नातं आहे, आणि नात्याचा दर ताटामागे लावला जातो.

“इतकी वर्षं या गावात आपण चूलबंद जेवलो,” आई म्हणाली. “कुणाचं लग्न असलं की आपल्या छपरातून धूर निघाला नाही. आता त्यांच्या दारात जाऊन म्हणायचं, तुमच्यातला एक निवडून पाठवा?”

“म्हणायचं. प्रत्येक मांडवात मी तेच सांगत आलोय.”

हे खरं होतं. गावातल्या कुठल्याही लग्नात मंगलाष्टकांच्या आधी अण्णांच्या हातात ध्वनिक्षेपक येई आणि ‘लग्नं साधी करा’ या विषयावर ते बोलत राहत. नवरदेव मुंडावळ्यांखाली घामाघूम होई, भटजी घड्याळ चाचपत, पण निम्मं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं असल्यामुळे त्यांच्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घ्यायला कुणी धजत नसे.

“तुमच्या भाषणापायी मुहूर्त टळलेत या गावात,” मामा म्हणाले.

“संसार टळले नाहीत ना?”

इतका वेळ खांबाला टेकून उभी असलेली वृषाली आता पुढे आली. ती तालुक्याच्या एका पतसंस्थेत कामाला होती आणि तिचं बोलणं पावतीसारखं असे; लागेल तेवढंच, खाली सहीसकट.

“मी रोज काचेपलीकडून बघते, मामा. घरासाठी कर्ज मागायला आलेला माणूस ताठ उभा असतो. लग्नासाठी मागायला आलेला हसत असतो. ते हसू मला अण्णांच्या तोंडावर नको. आकडा ठरला तो ठरला. त्यावर एक रुपया गेला तर मी आणि अविनाश नोंदणी कार्यालयात जाऊ.”

“बोलायच्या गोष्टी,” आई म्हणाली.

“नोटीस दिलीय आई, मागच्या सोमवारी. महिना भरला की कधीही जाता येतं. साक्षीदार म्हणून शिऱ्या येईल. त्याला फक्त सही करायची आहे, कविता नाही.”

शिऱ्या म्हणजे मी, शिरीष. आई खाली बसली. तिच्या डोळ्यांसमोरून मांडव, हळद, रुखवत, सारं एका सरकारी बाकापाशी येऊन थांबलेलं मला दिसलं. अण्णांनी मात्र आवाज चढवला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “दोन लाख वीस हजारांत बसलं तर मांडव आहे ना?”

“आहे.”

“मग मांडव होईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांना लूनाच्या मागच्या सीटवर बसवलं आणि आम्ही आवतणाला निघालो. त्यांच्या मांडीवर पत्रिकांची पिशवी, हातात कुंकवाचा करंडा आणि अक्षतांची वाटी. उन्हं अजून कोवळी होती. घराघरांतून निळसर धूर वर चढत होता आणि छपरांवर क्षणभर रेंगाळून, जणू गावाचा निरोप घ्यावा तसा, डोंगराकडे जात होता. ही ओळ मी मनात घोळवत असतानाच पहिलं घर आलं.

बबन शिंगोटे अंगणात म्हैस धूत होता. अण्णांना पाहताच त्यानं हात झटकले, पाया पडला, बाज पुढे ओढली.

“बावीस तारखेला वृषालीचं लग्न आहे, बबन. दुपारचा मुहूर्त.”

“आम्ही आहोतच, गुरुजी. आवतण कसं?”

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. अण्णांनी घसा साफ केला. बबनची आई दारात आली होती, बायको तिच्या मागे, आणि त्यांच्या मधून दोन पोरं डोकी काढून पाहत होती.

“चूलबंद,” अण्णा म्हणाले.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “अण्णा.”

“झालं खरं तसं. पहिलंच घर होतं.” लूनावर बसल्यावर ते वाक्य जुळवू लागले. “‘घरटी एका माणसानं यावं ही विनंती.’ कसं वाटतं?”

“‘विनंती’ आधी घ्या. ‘विनंती आहे, घरटी एकानं यावं.’ लय बरी लागते.”

ते पुटपुटत राहिले. पुढचं घर येईपर्यंत वाक्य चांगलं बसलं होतं. सखाराम मोऱ्यांच्या ओसरीवर त्यांनी पत्रिका ठेवली, अक्षता दिल्या, ताठ बसले आणि म्हणाले, “विनंती आहे, चूलबंद या.”

तिसऱ्या घरी मी बोलायचं ठरलं. मी “घरटी” एवढाच शब्द उच्चारला होता, तोच अण्णांना खोकला आला, आणि खोकला ओसरल्यावर “सगळ्यांनी” हा शब्द त्यांनीच जोडला.

असं करत अख्खी वरची आळी झाली. मला आधी हसू येत होतं, मग राग येऊ लागला. हा निव्वळ भिडस्तपणा आहे आणि त्यापायी वृषा नोंदणी कार्यालयात जाणार, आई रडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. घराघरांत जिरणारा तो एकच शब्द मला फळ्यावरचा आकडा कुरतडताना ऐकू येत होता. मी तसं म्हणालोही.

“तुला नाही कळायचं,” अण्णा म्हणाले.

“कळेल असं सांगा.”

“गाडी चालव. पुढं खड्डा आहे.”

आळीच्या टोकाला, आडाशेजारी कोंडाबाईंचं घर. आम्ही मुलं त्यांना कोंडाआजी म्हणायचो. त्या चुलीपाशी बसून भाकरी थापत होत्या. त्यांनी वर न पाहताच आवाज ओळखला.

“मंगळवारचं गुरुजी आलं जणू.”

“आज शुक्रवार आहे, आजी,” मी म्हणालो.

“वार मला नको सांगू. तुझा बाप माझा मंगळवारचाच.” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं. “याला कदी सांगितलं न्हाय व्हय, गुरुजी?”

अण्णा खाली पाहत होते. “सांगण्यासारखं काय होतं.”

“मग मी सांगते. हे करमाळ्याकडनं आलं तवा नुसतं मिसरूड फुटलं व्हतं. एक पत्र्याची पेटी आन एक चादर. शाळंतच निजायचं. गावात खानावळ न्हाय, यांना सैपाक येत न्हाय, आन पगार म्हणशील तर सहा सहा म्हैनं यायचा न्हाय. एकदा पोरं सांगत आली, गुरुजी फळ्याम्होरं चक्कर येऊन पडलं. तवा गावानं वार लावून दिलं. सोमवार पाटलाकडं, मंगळवार माझ्याकडं, बुधवार शिंगोट्यांकडं. म्हैना झाला की दुसरी सात घरं. दोन वरसं. या गावात अशी चूल न्हाय की जिची भाकरी तुझ्या बापानं खाल्ली न्हाय.”

“पैसे?” मी विचारलं. आज मला या प्रश्नाची लाज वाटत नाही; त्या आठवड्यात आमच्या घरात दुसरा प्रश्नच उरला नव्हता.

“पगार झाला तसं द्याया आलं व्हतं. माझी सासू म्हणली, आमी काय हाटेल काढलंय? त्यांनी पुन्हा कदी पैसं काढलं न्हाईत. पर यांची शनवारची म्हाळसाबाई तापानं गेली तवा तिच्या पोराला यांनीच घरी ठिवून शिकवलं, आन लगनं आली की भाशान. तेवढं मातर आमाला लई भोगाया लागलं.”

तव्यावरची भाकरी फुगली. अण्णांनी वाटीतल्या अक्षता कोंडाआजींच्या पीठ लागलेल्या हातावर ठेवल्या.

“बावीस तारखेला लग्न आहे, कोंडाबाई. चूलबंद.”

या वेळी तो शब्द त्यांच्या तोंडून निसटला नव्हता. त्यांनी तो ठेवला होता.

संध्याकाळी मी हे सारं वृषाला फळ्यासमोर सांगितलं. तात्यामामा ऐकत होते. आई ऐकत नव्हती. तिला ते ठाऊक होतं. अण्णा अंगणातल्या बाजेवर पाठमोरे बसले होते.

“मला आधी का नाही सांगितलंत?” वृषानं त्यांच्या पाठीला विचारलं.

“सांगितलं असतं तर तू आकडा वाढवला असतास.”

“नसता वाढवला.”

“मग सांगून काय उपयोग होता?”

“आणि ती भाषणं? ज्यांचं खाल्लं त्यांनाच उपदेश?”

अण्णा पाठमोरेच म्हणाले, “ज्या घरांनी मला वाढलं, ती लग्नापायी एकेक करून सावकाराच्या दारात जाताना पाहिली. मला बोलण्यापलीकडे काही येत नव्हतं.”

वृषानं डस्टर उचललं आणि फळ्यासमोर उभी राहिली. पहिल्यांदा बँड गेला. मग रोषणाई, व्हिडिओ, सत्काराच्या शाली, मानाचे फेटे. खडूची भुकटी तिच्या पदरावर पडत होती. लग्नाआधीच कुणी अक्षता टाकाव्यात तशी. तिची बोटं घोड्यापाशी आली तेव्हा मामांना राहवलं नाही.

“घोडा तरी ठेव. नवरा काय पायी येईल?”

“रोज एस.टी. स्टँडपर्यंत पायीच जातो.”

“लोक हसतील.”

“जेवून हसू देत.”

मग तिनं ‘जेवण’ या शब्दापुढचा पाचशे पुसला आणि नवा आकडा लिहिला. गाव, पाहुणे, वऱ्हाड, सारं धरून. गुणाकार केला. पुन्हा केला. मामांनीही करून पाहिला. घरातली प्रत्येक हौस पुसून टाकली होती, तरी पुरी, दोन भाज्या, मसालेभात आणि जिलेबीचं जेवण फळ्याबाहेर जात होतं. थोडंथोडकं नव्हे, चाळीस हजारांनी.

“एवढे मी घालतो,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चेष्टेचा नव्हता.

“मामा, ते कर्जच झालं. फक्त अण्णांना हसावं लागणार नाही एवढंच.”

अण्णा आत आले. चष्मा काढून त्यांनी फळ्याकडे जवळून पाहिलं, विद्यार्थ्यानं सोडवलेलं गणित तपासावं तसं. गणित बरोबर होतं.

“तू तुझी तारीख घे वृषा,” ते म्हणाले. “नोंदणी करू. मी दारोदार जाऊन सांगेन, लग्न आहे, जेवण नाही. शब्द माझा होता. मोडायलाही मीच जाईन.”

आई उठून आत गेली. वृषाच्या हातात अजून डस्टर होतं, आणि जिंकलेल्या माणसाचा चेहरा इतका पडलेला मी त्यानंतर कधी पाहिला नाही.

सकाळी अण्णा पायताण चढवत होते, इतक्यात कोंडाआजी काठी टेकत अंगणात आल्या. त्यांनी चहा नाकारला आणि सरळ फळ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण एवढं पुसलेलं कुणालाही दिसलं असतं.

“गावभर चूलबंद सांगितलंत म्हणं. मी रातभर इचार करती, एवढ्या पुऱ्या तळाया तेल काय नदीतनं आणणार का काय?”

“तेच सांगायला निघालो होतो,” अण्णा म्हणाले.

“काय सांगाया? बसा हितं. सप्त्याला आपन काय करतो? आमटी देवळाची, भाकरी घराघरच्या. मोठ्या कढईत आमटी शिजवा, भात टाका, वाईच बुंदी पाडा. भाकरीचं गाव बघल.”

मामा जागेवर सावरून बसले. वृषानं खडू उचलला होता. तिचे ओठ हलत होते. ती तेल, मैदा, तळणारे आचारी वजा करत होती.

“नाही,” अण्णा म्हणाले.

“का?”

“सप्ताह देवाचा असतो.”

“आन लगीन काय सैतानाचं असतं?”

“कोंडाबाई, थट्टा नको.” अण्णांनी पायताण काढून बाजूला ठेवलं. त्यांचा वर्गातला आवाज कुठेतरी गेला होता. “दोन वर्षं तुमच्या भाकरी खाल्ल्या. तेव्हा गरज होती. आता पोरीच्या लग्नात, माझ्याच मांडवात, पुन्हा तुमच्याच भाकरी? आयुष्यात एकदा तरी मला वाढू द्या.”

बाहेर कोंबड्या दाणे टिपत होत्या. अण्णा प्रत्येक दारात का अडखळत होते, ते मला आदल्या दिवशी कळलंय असं वाटलं होतं; ते मला आत्ता कळत होतं.

कोंडाआजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “मग वाढा की,” त्या म्हणाल्या. “भाकरी आणतो म्हणलं मी. वाढतो कुठं म्हणलं?”

अण्णा त्यांच्याकडे पाहत राहिले.

“पर एक. आचाऱ्याच्या पोरांच्या हाती बादली द्यायची न्हाय. आमटी तुमीच वाढायची. साऱ्या गावाला. कंबर मोडली तरी.”

वृषानं अण्णांच्या होकाराची वाट पाहिली नाही. तिनं फळ्यावर लिहिलं, ‘भाकरी : गाव’. त्या ओळीपुढे तिनं आकडा घातला नाही. मग खालची बेरीज केली, रेघ ओढली आणि बेरजेकडे पाहत म्हणाली, “आई, हळद कधी दळायची?”

बावीस तारखेला सकाळी गावातून धूर निघाला. चूलबंद आवतणाच्या दिवशी इतका धूर आमच्या गावानं त्याआधी पाहिला नव्हता. मग एकेका आळीतून बायका येऊ लागल्या. डोक्यावर टोपल्या, धुतलेल्या फडक्यांत बांधलेल्या भाकरी, बाजरीच्या, ज्वारीच्या, काही नाचणीच्या. मांडव शाळेच्या मैदानात घातला होता आणि व्हरांड्यात कोरं धोतर अंथरलं होतं. त्यावर भाकरींची रास वाढत गेली आणि थोड्याच वेळात कुणाची भाकरी कुठली हे कुणालाच सांगता येईना. मी त्या राशीला मनात बऱ्याच उपमा दिल्या. एकही टिकली नाही.

अविनाश पायीच आला. त्याच्या वडिलांनी आमटीची कढई पाहिली, धोतरावरची रास पाहिली आणि वृषाला हळूच विचारलं, “हा इथला मेन्यू आहे का?” वृषा म्हणाली, “हो बाबा. तिखट सोसतं ना?” त्यांना सोसलं नाही. वऱ्हाडाच्या डोळ्यांना त्या दिवशी जे पाणी आलं त्याचं श्रेय पुढे पाठवणीला मिळालं.

लग्न मुहूर्तावर लागलं, कारण भाषण झालं नाही. ध्वनिक्षेपक द्यायला कुणीतरी अण्णांना शोधलं तेव्हा ते तिथे नव्हतेच. कन्यादान होईपर्यंत त्यांचा उपास होता. ते झाल्या झाल्या त्यांनी उपरणं कमरेला बांधलं आणि आमटीची बादली उचलली.

मैदानावर पंगती बसल्या होत्या. समोर पत्रावळ, द्रोण, भाकरीचा काला. अण्णा वाकत, वाढत, पुढे सरकत होते. बबन शिंगोट्यानं बादली घ्यायला हात पुढे केला तर त्याच्याकडे त्यांनी वर्गात पाहत तसं नुसतं पाहिलं. दुसऱ्या पंगतीपर्यंत त्यांचा सदरा पाठीला चिकटला. तिसऱ्या पंगतीला हातातलं आमटी वाढायचं वगराळं थरथरू लागलं. मी मागून भाताचं घमेलं घेऊन चाललो होतो आणि त्यांच्या टाचांवरच्या धुळीकडे पाहत होतो.

बायकांच्या पंगतीत कोंडाआजी बसल्या होत्या. त्यांनाही अण्णांनी वाढलं, इतरांना वाढलं तेवढंच, आणि ते पुढे गेले. ती पंगत संपत आली. आमच्याकडे वयस्क बायका अशा वेळी द्रोणावर तळहात आडवा धरतात. पुरे झालं, जास्त नको, अशी ती रीत आहे. अण्णा परतताना एकेक हात आडवा होत होता.

“गुरुजी.”

ते वळले. कोंडाआजींनी रिकामा द्रोण उचलून धरला होता.

“असं वाढत्यात व्हय? प्वाट न्हाय भरलं माजं.”

शेजारच्या बायका हसू लागल्या. अण्णा हसले नाहीत. ते परत आले, बादली मातीत टेकवली आणि कोंडाआजींसमोर उकिडवे बसले. वगराळं दोन्ही हातांनी धरून त्यांनी द्रोण भरला. आमटी काठावरून पत्रावळीवर उतरली, काल्याकडे वाहत गेली, आणि तरी त्यांचा हात थांबला नाही.

“आणखी?” त्यांनी विचारलं.

“वाढा,” कोंडाआजी म्हणाल्या.